दवबिंदूला खत

व्यंकट बाल्कनीत उकिडवा बसला होता आणि त्याच्या हातात माझा पोह्यांचा चमचा होता. मी दोन कप चहा घेऊन दारात. त्याच्यासमोर कठड्याखाली श्रीखंडाचा रिकामा डबा, त्यात मी शेतातून आणलेलं झाड. झाड म्हणजे काय, रुपयाएवढा लाल ठिपका. चमच्यात पांढरी पूड होती. भाजीवर मीठ भुरभुरावं तशी ती त्यानं झाडाच्या भोवतीनं बेतानं टाकली, वरून तांब्यातलं नळाचं पाणी घातलं आणि मागं वळून न बघताच म्हणाला, "लाल्या पडला होता गं याच्यावर. एकोणीस-एकोणीस खत टाकलंय, चिमूटभर मॅग्नेशियम बी टाकलंय. आठ दिसात बघ कसं हिरवंगार होतंय." मी म्हणाले, "बरं." आणि त्याला चहा दिला.

आता यात हादरण्यासारखं काय आहे, असं कुणीही म्हणेल. नवऱ्यानं बायकोच्या झाडाला मायेनं खत घातलं, संपलं. व्यंकटचं नव्या मोंढ्यात खतांचं आणि औषधांचं दुकान आहे. सकाळपासून लोक खिशातून, पिशवीतून, रुमालात गुंडाळलेली पानं काढून त्याच्या टेबलावर ठेवतात. तो पान उलटंपालटं करतो, उजेडाला धरतो आणि फळीवरून पुडा काढून देतो. कपाशीची पानं लाल पडली की त्याला लाल्या म्हणतात. लाल पान दिसलं की व्यंकटचा हात आपोआप फळीकडे जातो. त्यात त्याची काहीच चूक नाही. चूक असलीच तर त्या झाडाची, की ते मुळातच लाल असतं, आणि तब्येत ठणठणीत असते तेव्हाच लाल असतं. मराठीत त्याला दवबिंदू म्हणतात. ते किडे खातं. किडे खातं याचं कारणच हे की ते जिथं उगवतं तिथल्या मातीत खाण्यासारखं काही नसतं. म्हणून त्यानं आपली सोय आपणच लावून घेतलेली असते. अशा झाडाला खत म्हणजे विष. नळाचं क्षाराचं पाणीसुद्धा त्याला सोसत नाही, मी त्याला इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी घालत होते. हे सगळं मला माहीत होतं. मी नांदेडच्या एका ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, दरवर्षी फळ्यावर हेच लिहिते. तिथल्या तिथं डबा उचलून बॅटरीचं पाणी भरभरून ओतलं असतं तर खत धुऊन निघालं असतं, झाड वाचलं असतं. आणि मी म्हणाले काय, तर बरं.

दिवसभर मी त्या 'बरं'च्या मागं लागले. मला अशी सवय आहे. एखादी गोष्ट खुपली की तिच्यावर रागावायच्या आधी मला तिचं नवल वाटायला लागतं. हे माझ्या तोंडून निघालं कुठून? मी काही गरीब गाय नाही. वर्गातली टारगट पोरं माझ्यासमोर हूं का चूं करत नाहीत, भाजीवालीशी मी तावातावानं भांडते, सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझा आवाज पार्किंगपर्यंत जातो म्हणतात. मग चमचा हातात धरून बसलेल्या एका माणसापुढं माझी जीभ टाळ्याला का चिकटावी? घरात मी त्याला अहो म्हणते, मनात व्यंकट म्हणते, आणि या दोन्हींच्या मध्ये कुठंतरी माझी बरीचशी वाक्यं अडकून राहिलेली असणार. पण त्या दिवशी मला एवढंच कळलं की हे 'बरं' नवं नव्हतं. मी ते फार वर्षं म्हणत आले होते, आणि येत्या गुरुवारी लातूरला दवाखान्यात जायचं होतं, त्यालाही मी तसंच बरं म्हटलेलं होतं.

झाड मला सापडलं येळवसेला. लातूर भागात या अमावस्येला गावंच्या गावं ओस पडतात, जो तो रानात. व्यंकटचं गाव जळकोटपासून जवळ. आम्ही नांदेडहून सकाळीच निघून तिथं पोचलो होतो. सासूबाईंनी, केवळाबाईंनी, रात्रीपासून खपून भज्जी, बाजरीचे उंडे, माठभर आंबील असं सगळं केलं होतं. कडब्याच्या पेंढ्यांची कोपी उभारून तिच्यात पूजा झाली, मग त्या आंबील शिंपडत पिकाच्या कडेनं फिरून आल्या. मी सहज विचारलं, आई, हे शिंपडायचं कशासाठी? त्या ज्वारीकडं बघत म्हणाल्या, "काळ्या आईला दिवस गेलेले असत्यात की माय. तिचे डोहाळे पुरवायचे, काय हवं नको ते घालायचं." आणि पुढचा शब्द तोंडात आलेला असताना थांबल्या, माझ्याकडं बघितलं, आणि घाईघाईनं माझ्या ताटात आणखी भज्जी वाढली.

केवळाबाई वाईट असत्या तर माझं काम सोपं झालं असतं. वाईट सासूशी भांडता येतं, मला तर झकास भांडता आलं असतं. पण ही बाई मला टोचेल असा एक शब्द आजवर बोललेली नाही. बांधावरच्या एका आंब्याला फळ धरत नाही, त्याला गावातली माणसं जे म्हणायचं ते म्हणतात. या म्हणतात, रुसलाय तो. माझ्यासमोर त्यांनी कितीतरी शब्द बोलायचे सोडून दिले आहेत. सोडलेल्या शब्दांच्या जागी त्या मला खायला घालतात. डिंकाचे लाडू, शतावरीचं दूध, अळिवाची खीर, खारकांची पूड. फोनवर पहिलं वाक्य, दूध पितीस का न्हाई? मी पिते. लठ्ठ व्हायला लागले तरी पीत राहिले. हळदीकुंकवाला माझी ओटी त्या सगळ्यांत आधी भरायला लावतात, आणि माझ्या ओटीत इतकं घालतात की पदर दोन्ही हातांनी सावरावा लागतो. बाकीच्या बायका बघतात. त्या बघण्याचा मला राग येत नाही, मला वाटतं आपणही तिकडं त्यांच्यात बसून आपल्याकडं एकदा बघावं, आपण नेमक्या कशा दिसतो ते.

त्या दिवशी ती भज्जी काही मला संपली नाही. पोट जड झालं होतं, आणि कोपीत बायकांची बोलणी लेकरांवरून लेकरांवर चालली होती. मी हात धुण्याच्या निमित्तानं उठले ते चालतच राहिले, खाली कोपऱ्यातल्या चिबडापर्यंत. चिबड म्हणजे पाणी धरून राहणारी, कायम ओली जमीन. वरच्या जांभ्या दगडाच्या माळावरून पाणी झिरपत झिरपत त्या तुकड्यात येऊन बसतं. माझे सासरे सटवाजी हयातभर त्या तुकड्याच्या मागं लागले होते. तळ्यातला गाळ टाकला, शेणखत टाकलं, चर खणले. त्यांनी कडेकडेनं जेवढं खत टाकलं तिथं नुसतं लव्हाळं माजलं, आणि मधल्या ओलीत काहीच नाही. पुढं त्यांनी नाद सोडला. आता तिथं कुणी जात नाही. मी चपला काढून आत गेले, गार चिखल बोटांच्या फटींतून वर आला, फार बरं वाटलं. आणि पायाशी लाल लाल काहीतरी चमकलं. आधी वाटलं पूजेचं कुंकू सांडलंय. पण पूजा तर तिकडं कोपीत झाली होती.

वाकले, मग साडी वर खोचून बसलेच. जमिनीला चिकटून लाल पानांचं एक चक्र, पानं अगदी चिमुकल्या चमच्यांसारखी, प्रत्येक पानाच्या कडेला केस, आणि प्रत्येक केसाच्या टोकावर एक थेंब. ऊन डोक्यावर आलं होतं. गवतावरचं दव केव्हाच उडून गेलेलं, आणि याचं जसंच्या तसं. फळ्यावर दरवर्षी लिहिलेलं ते वाक्य माझ्या सासरच्या शेतात चिखलात बसलेलं होतं. मी पुस्तकातलं चित्र दाखवते, मुलं ते वहीत काढतात, परीक्षेत एका गुणाला येतं, आणि मी मनात धरून होते की हे प्रकरण आसामात वगैरे असणार. आणि हे इथं. एक नाही, नजर सरावली तशी चारी बाजूंना दिसायला लागली. मी पाय उचलायला घाबरले.

एका पानावर एक चिलट बसलं. बसलं, आणि उठायला गेलं तर उठता येईना. एक पाय सोडवावा तर दुसरा चिकटे. मी बघत राहिले. केस वाकतात म्हणतात, पण वाकताना ते दिसत नाहीत. टक लावून बघावं तर सगळं स्तब्ध; जरा दुसरीकडं बघून परत बघावं तर दोन केस चिलटाच्या अंगावर कललेले. पुन्हा टक लावली, पुन्हा स्तब्ध, आणि पुन्हा नजर हटली तेवढ्यात आणखी एक कललेला. मला त्या चिलटाची दया आली का? आली, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त मला त्या झाडाचं कौतुक वाटलं. इतकं नापीक ठिकाण, पायाखाली काही नाही, आणि हे कुणाच्या तोंडाकडं न बघता मजेत बसलंय, लालचुटूक, ओलंचिंब. त्याला कुणाची फिकीर नाही आणि त्याच्याकडं बघून कुणी चुकचुकत नाही. वरच्या बांधावरून कावेरीबाई, शेजारच्या शेतातल्या, ओरडून विचारत होत्या की काय हरवलं का गं तुझं? मी म्हणाले, हरवलं न्हाई, सापडलं. त्या उतरून आल्या, वाकून बघितलं, म्हणाल्या, गवत हाय की ते. आणि गेल्या. केवळाबाईंना विचारलं तर त्यांनी उभ्या जन्मात बघितलेलं नव्हतं. व्यंकट म्हणाला, चिबडात आम्ही लहानपणी जायचो न्हाई, पाय रुततात. म्हणजे तिथल्या कुणाला त्याचं नावही माहीत नव्हतं आणि माझ्याजवळ नुसतं नावच होतं.

निघताना मी एक झाड त्याच्या चिखलासकट श्रीखंडाच्या डब्यात घेतलं. नेऊ नये असं मनात आलं होतं. पण रोज बघायला मिळेल हा मोह काही सुटेना.

त्यानंतरच्या दिवसांत मी सकाळ-संध्याकाळ बाल्कनीत. व्यंकटला आनंद झाला. कितीतरी दिवसांनी मी कशात तरी रमले होते. तो दुकानातल्या माणसांना सांगायचा, आमच्या मॅडमनी किडे खाणारं झाड आणलंय. मोबाईलवर फोटो ठेवला. आणि मी कॉलेजातून आले की विचारायचा, आज काय खाल्लं त्यानं? माझं तर त्यानं कधी असं विचारलं नव्हतं, कारण माझं सगळं त्याला माहीत असतं, गोळीची वेळ, इंजेक्शनची वेळ, कोणत्या दिवशी कोणतं. मूल व्हावं म्हणून लातूरच्या दवाखान्यात पहिल्यांदा गेलो तेव्हा नर्सनं इंजेक्शन कसं द्यायचं ते शिकवलं, आणि मी म्हटलं माझी मी घेईन, तर हा म्हणाला, राहू दे, मी देतो. त्याचा हात हलका आहे. पोटाची चिमटी धरायची, सुई आत जाताना तो स्वतःचाच श्वास धरतो, आणि सुई काढली की त्या जागेवर हळूच फुंकर घालतो, लहान मुलाच्या गुडघ्यावर घालावी तशी. असा नवरा बघायला मिळत नाही, माझ्या बहिणी म्हणतात. मलाही तेच वाटतं. अशा माणसाला थांब म्हणायचं म्हणजे कुठून सुरुवात करायची?

पहिल्या वेळी लागलं नाही. दुसऱ्या वेळी लागलं आणि टिकलं नाही. आता तिसऱ्यांदा. आणि या मधल्या काळात कधीतरी मला मूल नकोसं झालं. नकोसं हा शब्दही बरोबर नाही. ती ओढच गेली. मी पुष्कळ शोधलं, केव्हा गेली? एखादी वस्तू हरवली की आपण मागं मागं जातो, इथं होती, तिथं होती, मग कुठं पडली. सुरुवातीला तर होती. दुसऱ्याची लेकरं मांडीवर घेतली की परत देववायची नाहीत, तेव्हा होती. पहिल्या वेळी दवाखान्याच्या जिन्यात बसून मी हमसून हमसून रडले, तेव्हाही होती. दुसऱ्या वेळी, ते टिकलं नाही तेव्हा, परत येताना व्यंकट गाडी चालवत होता आणि त्यानं मध्ये थांबून मला संत्रं सोलून दिलं, शिरा काढून, एकेक फोड. मी खिडकीबाहेर बघत होते. नुसतं ऊन होतं, तोडलेली तूर होती, आणि माझ्या मनात सगळ्यांत वर आलेली गोष्ट हायसं वाटल्याची होती. आता काही दिवस कुणी टोचणार नाही, कुणी मोजणार नाही. मग मी रडले. रडले ते दुःखानं नाही. व्यंकट बघत होता आणि बाईनं अशा वेळी रडायचं असतं म्हणून रडले. आपण असं का केलं हे तेव्हा मी स्वतःला विचारलंच नाही. येळवसेला त्या चिखलात बसले असताना मात्र ध्यानात आलं की इतका वेळ झाला आणि आपल्याकडं काय नाही याचा विचार एकदाही मनाला शिवला नाही. ती सुट्टी मला इतकी आवडली होती की मी तिचा एक तुकडा डब्यात घालून घरी आणला होता, आणि त्याच्यात आता एकोणीस-एकोणीस पडलं होतं.

खत पडल्यावरचे दिवस मी कसे घालवले ते सांगायला मला थोडं अवघड जातं. मी बघत बसले. झाडाचा लाल रंग आधी कडेनं उतरला, मग मधून. पानं खरंच हिरवी झाली. व्यंकट खूश. म्हणाला, बघितलंस, उतरला लाल्या. मी म्हणाले, हो, हिरवं झालं खरं. थेंब एकेक करून सुकले. नुसते कोरडे केस उरले. एक चिलट येऊन पानावर बसलं, इकडून तिकडं चाललं आणि उडून गेलं. ते बघून मला चिलटाच्या वाचण्याचं बरं वाटलं नाही, झाडाची लाज वाटली. अजूनही वेळ होता, मी धुऊन काढू शकत होते. बॅटरीच्या पाण्याचा कॅन तिथं दोन पावलांवर होता. मी का हलले नाही? आळस नव्हता. व्यंकटला वाईट वाटेल, हेही पूर्ण खरं नाही. मला बघायचं होतं. त्या झाडाला कुणीतरी मायेनं नको ते घालून राहिलंय, तर ते काय करतं, बोलतं का काही, ते मला बघायचं होतं. मला स्वतःची भीती वाटली असं म्हणायला हवं, पण भीतीपेक्षा उत्सुकताच जास्त होती. झाड काही बोललं नाही. ते मधल्या कोंबापासून काळं पडत गेलं. बुधवारी त्याच्यात काही उरलं नव्हतं. व्यंकटनं डबा हातात घेऊन फिरवून बघितला आणि म्हणाला, थंडीनं गेलं बघ. दुसरं आणू. असू दे, नाराज होऊ नको. आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

गुरुवारी सकाळी निघालो. त्यानं गाडीत मागच्या सीटवर उशी ठेवली होती, पाण्याची बाटली, सोललेलं डाळिंब डब्यात. केवळाबाईंचा फोन येऊन गेला, देवाला दिवा लावलाय, नीट जा. मी तयार होऊन बसले होते, केसांना तेल, अंगावर साधी साडी, दवाखान्यात जाताना मी नेहमी नेसते ती. नांदेड मागं पडलं. व्यंकट बोलत होता, यावेळी डॉक्टर म्हणालेत की औषधाचा डोस वाढवू. वाढवू, हा शब्द त्यानं इतक्या आशेनं उच्चारला. लोहा आलं. बाजाराची गर्दी, टमटम, ऊस भरलेली ट्रॉली आमच्या पुढं. लोह्याहून एक रस्ता कंधारमार्गे जळकोटकडं फुटतो. तो फाटा जवळ आला. मला खरंच ठाऊक नव्हतं मी काय करणार आहे. मी माझ्याच तोंडाकडं कान लावून बसले होते.

"व्यंकट, गाडी थांबव."

त्यानं थांबवली. मी त्याला पहिल्यांदाच नावानं आणि अरेतुरेनं बोलले होते, ते तेव्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही. त्याला वाटलं मला मळमळतंय. पाणी पुढं केलं. मी म्हणाले, लातूरला नको. तो म्हणाला, आज नको? मी म्हणाले, शेतात जाऊ. त्यानं माझ्याकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं, बहुतेक मनात हिशेब केला की बाई घाबरलीय, दुपारपर्यंत शांत होईल, उद्याची वेळ मागून घेऊ. काही न विचारता गाडी वळवली. कंधार गेलं, पुढं माळ सुरू झाले. सगळ्या रस्त्यात त्यानं एकाही पिकाचं नाव काढलं नाही, आणि मला त्याचंही नवल वाटत होतं. एरवी तो रस्त्याकडेची पिकं बघून बोलत जातो, याला पाणी कमी पडलं, त्याला अळी लागली. गावात न जाता आम्ही परस्पर रानात उतरलो. ज्वारी कमरेच्या वर आली होती. मी चपला काढून त्याला चिबडात घेऊन गेले, जिथं पाय ठेवते तिथंच ठेव म्हणाले. तो पॅन्ट दुमडून माझ्या मागं मागं आला.

ती सगळी तिथंच होती. काहींच्या मधून दोऱ्यासारखी दांडी वर आलेली, तिला पांढरं फूल. व्यंकट खाली बसला. दुकानात पान बघतो तसा जवळ जाऊन बघायला लागला. बराच वेळ बघत होता. एक पान त्यानं बोटाच्या टोकानं उचललं, थेंब बोटाला लागला, बोट दूर नेलं तशी त्याची तार ओढली गेली.

"ही तर सगळीच लाल हायत," तो म्हणाला.

"अशीच असतात. चांगली असली की लालच असतात."

तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "म्हंजी मी टाकलं त्यानं गेलं ते."

"हो."

"तुला ठावं होतं?"

"हो."

"तवाच?"

"तवाच."

तो उठला. मला वाटलं चिडेल, किंवा हसून सोडून देईल. त्याला दोन्ही येतं. त्यानं बोट पॅन्टला पुसलं. आवाज चढवला नाही. "मी मारून राहिलो," तो म्हणाला, "आन् तू चहा घेऊन बघत उभी होतीस."

माझ्या सगळ्या शोधाशोधीत हे मला सुचलेलं नव्हतं. मी समजत होते की मी सोसतेय. बाहेरून बघणाऱ्याला हे असंही दिसू शकतं. मी म्हणाले, लातूरचंही तसंच आहे. मग सगळंच सांगितलं, तुटक तुटक, संत्र्याच्या दिवशी मला हायसं वाटलं होतं तेसुद्धा. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"कवापासून?" त्यानं विचारलं.

"नक्की सांगता येत नाही. मी लई शोधलं."

"आन् मी तुला टोचून राहिलो? तुला नको असताना? कामून सांगितलं न्हाईस?"

"तू फुंकर घालत होतास," मी म्हणाले.

पायाखालचं पाणी वर येत होतं, त्याचे घोटे बुडाले होते. मग तो म्हणाला, "मला पाहिजे, मंजू. लेकरू पाहिजे मला. तू नको म्हणलीस म्हणून मला नको झालं, असं न्हाई होणार. खोटं कसं बोलू?"

मी म्हणाले, मला माहीत आहे. तो म्हणाला, माहीत असून काय उपयोग. ते खरंच होतं. आम्हा दोघांना एकमेकांचं सगळं माहीत होतं आणि आम्ही तसेच चिखलात उभे होतो. मला त्याला धरावंसं वाटत होतं, पण आज त्याला धरलं तर तो पुन्हा माझीच समजूत काढायला लागेल अशी धास्ती होती. म्हणून मी हात माझ्याकडंच ठेवले.

त्याच्या खिशात फोन वाजला. केवळाबाई. आम्ही एव्हाना लातूरला पोचायला हवं होतं. मी फोनसाठी हात पुढं केला, हे आता मीच सांगायला हवं होतं. त्यानं मान हलवली, जपून पाय टाकत चिबडातून बाहेर गेला आणि माझ्याकडं पाठ करून बांधावर उभा राहिला. मला त्याचंच बोलणं ऐकू येत होतं.

"हां आई. न्हाई, लातूरला न्हाई गेलो. गाडी ठीक हाय. जाणार बी न्हाई आता." मग त्यानं पायानं एक ढेकूळ बांधाखाली ढकललं. "तिला फोन कामून देऊ? ती तर तयार होऊन बसली होती. मीच न्हाई म्हणालो. मला जमंना आता, आई, माझंच मन घेईना. तिला एक शब्द बोलू नको. जे बोलायचं ते मला बोल."

तो ऐकत राहिला. पलीकडं केवळाबाई खूप वेळ बोलत होत्या. मी त्याच्या पाठीकडं बघत होते. घामानं सदरा मधोमध चिकटला होता. पाठीवरून काहीच समजत नव्हतं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला अंदाज करता येईना की हा माणूस आता काय म्हणणार.

"न्हाई," तो म्हणाला. "ती न्हाई रडून राहिली, आई. मी रडून राहिलो."

मी झाडं चुकवत चिबडातून बाहेर आले आणि बांधाला वळसा घालून त्याच्या समोर गेले.